सेकंडहँड गिटार घेण्याआधी: सिरीयल नंबर कुठे शोधायचा, कसा वाचायचा आणि डुप्लिकेट कशी पकडायची

एप्रिल-मे आला की गोव्यात जुन्या गिटारींचा सीझन सुरू होतो. किनाऱ्यावर सहा-सहा महिने राहिलेले लोक परत जायला निघतात, सामान हलकं करायचं असतं, त्यामुळे हरमल, मोरजी, हणजूण इकडच्या ग्रुपांवर रोज कुणी ना कुणी गिटारचा फोटो टाकतं, आणि दुसरीकडे जूनमध्ये पोरांचे क्लास सुरू होणार म्हणून डिचोली-फोंड्याकडचे आईबाबा स्वस्तात काही मिळतंय का ते बघत असतात. या दोघांच्या मध्ये डुप्लिकेट माल आरामात खपतो. गिब्सन लिहिलेली गिटार पंचवीस हजारात, फेंडर पंधरा हजारात (दोन्ही अमेरिकेच्या नामांकित कंपन्या), आणि नवीन माणसाला वाटतं लॉटरी लागली.

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "नेटवर सिरीयल नंबर टाकून बघितला, बरोबर वर्ष दाखवतोय, म्हणजे ओरिजिनलच ना?" तर नाही. डुप्लिकेट बनवणारे खऱ्या गिटारच्या फोटोवरून नंबर उचलतात आणि तोच एक नंबर ढीगभर गिटारींवर मारतात, त्यामुळे नंबर शंभर टक्के खरा आणि गिटार शंभर टक्के खोटी असं अगदी सर्रास असतं. नंबराचा उपयोग कसा करायचा तर जुनी गाडी घेताना आपण चेसिस नंबर आरसी बुकाशी, मॉडेलशी, वर्षाशी जुळवतो तसा. नंबर जे सांगतोय ते समोरची गिटार पण सांगते का, एवढंच बघायचं, आणि ते शिकायला फार वेळ लागत नाही.

आधी पिशवीत काय टाकायचं

फोन (टॉर्च आणि कॅमेऱ्यासाठी), एक छोटा आरसा, बारीक फुली स्क्रूड्रायव्हर, मेजरटेप आणि एक मऊ फडकं. बघायला दिवसा उजेडी जा. रात्रीच्या बाजारात पिवळ्या बल्बखाली गिटार बघून पैसे देऊ नका, हडफड्याच्या शनिवारच्या मार्केटात तर गर्दी आणि आवाज एवढा की तुम्हाला तार बेसूर आहे का तेही कळणार नाही. विकणाऱ्याला आधीच फोनवर सांगून ठेवा की मी एखादा स्क्रू काढून आत बघणार आहे. ज्याचा माल सरळ आहे तो शक्यतो हो म्हणतो, फार तर "मी स्वतः काढून दाखवतो" म्हणेल, आणि ते ठीकच आहे, दुसऱ्याची गिटार आहे.

पायरी १: नंबर शोधा

अकॉस्टिक असेल तर दोन जागा. एक म्हणजे साउंडहोलमधून (पुढचं गोल भोक) आत बघायचं, पाठीच्या फळीवर कागदाचं लेबल असतं त्यावर. दुसरी जागा म्हणजे नेक ब्लॉक, म्हणजे नेक (गिटारचा लांब दांडा) जिथे बॉडीला जोडलेली असते तिथे आतल्या बाजूला असलेला लाकडाचा ठोकळा. हा ठोकळा सरळ वरून दिसत नाही, साउंडहोलमध्ये आरसा तिरका धरून वर नेकच्या दिशेने टॉर्च मारावा लागतो. आरशात अक्षरं उलटी दिसतात म्हणून त्या आरशाचाच फोटो काढायचा आणि फोनमध्ये फ्लिप करून वाचायचा. तारा थोड्या सैल केल्या तर हात आत जातो, फोनच आत सरकवून फोटो काढता येतो.

इलेक्ट्रिकला बहुतेक वेळा हेडस्टॉकच्या मागे, म्हणजे चाव्या असतात त्याच्या पाठीमागच्या बाजूला. पण सगळ्यांचं तसं नसतं. जुन्या फेंडरला नेक प्लेटवर असतो (बॉडीच्या मागे चार स्क्रूंची लोखंडी पट्टी असते ती), त्याहून जुन्या टेलीकास्टरला (फेंडरचंच मॉडेल) ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात त्या भागाच्या, प्लेटवर, जपानमध्ये बनलेल्या बऱ्याच फेंडरला नेक बॉडीला मिळते त्याच्या जवळ नेकच्या मागे, आणि रिकनबॅकर असेल तर केबल लावतो त्या जॅकच्या प्लेटवर. रिकनबॅकर आपल्याकडे कुणी विकायला काढेल असं नाही, पण नंबर कुठे कुठे असू शकतो याची कल्पना यावी म्हणून सांगितलं. हेडस्टॉकच्या मागे काही नाही दिसलं म्हणून लगेच डुप्लिकेट ठरवू नका, पूर्ण गिटार फिरवून बघा.

नंबर सापडला की तो कसा लिहिलाय ते पण बघा. दाबून उठवलेला आहे, शाईने छापलेला आहे, वॉर्निशच्या खाली आहे की वर स्टिकर चिकटवलाय. नखाने हळूच चाचपून बघा. आजूबाजूचं पॉलिश तेवढ्याच चौकोनात वेगळं चमकत असेल, लाकूड घासल्यासारखं खोलगट लागत असेल, तर कुणीतरी जुना नंबर उडवलाय. अशी गिटार खरी असली तरी घेऊ नका, ती चोरीची असू शकते.

पायरी २: नंबर वाचा

इथे प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. मी आपल्याकडे ज्या जास्त दिसतात तेवढ्याच सांगतो.

गिब्सनपासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त नक्कल तिचीच होते. १९७७ पासून २००५ पर्यंतच्या बहुतेक गिब्सनना आठ आकडी नंबर हेडस्टॉकच्या मागे दाबून उठवलेला असतो. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, दुसरा-तिसरा-चौथा मिळून वर्षातला कितवा दिवस, आणि शेवटचे तीन त्या दिवसाचा क्रमांक. म्हणजे समजा नंबर आहे ९२१४३५६७, तर पहिला ९ आणि पाचवा ३ म्हणजे १९९३, मधले २१४ म्हणजे वर्षातला दोनशे चौदावा दिवस, म्हणजे २ ऑगस्ट. आता यातूनच एक फुकटची चाचणी मिळते: मधले तीन आकडे ३६६ च्या वर जाऊच शकत नाहीत. ४८७ असेल तर तो दिवस कॅलेंडरात नाहीच. २००५ च्या मध्यापासून यात एक आकडा वाढून नऊ आकडी झाला, पद्धत तीच. मग २०१४ पासून काही वर्षं त्यांनी सरळ पहिले दोन आकडे वर्षाचे ठेवले, १४, १५, १७ असे, आणि २०१९ मध्ये परत जुन्या पद्धतीवर आले. म्हणून नऊ आकडी नंबर १४ ते १९ ने सुरू होत असेल तर दिवसाचं गणित मांडायच्या आधी थांबा, तो त्या मधल्या वर्षांतला असू शकतो. १९९४ च्या काही गिब्सन पण ९४ ने सुरू होतात. कस्टम शॉपच्या (गिब्सनचा खास विभाग) गिटारींचा नंबर बऱ्याचदा शाईचा असतो, दाबलेला नसतो, आणि त्याचा हिशेब वेगळा. साठच्या दशकातल्या गिब्सनचं तर नावच काढू नका, तेव्हा तेच नंबर परत परत वापरले गेलेत, नुसत्या नंबरावरून वर्ष कळतच नाही. कुणी "माझ्या अंकलची सिक्स्टीजची गिब्सन" म्हणून दाखवली तर जाणकार माणूस सोबत नेल्याशिवाय बोलणी पण करू नका.

फेंडरचा नंबर १९७६ पासून हेडस्टॉकवर आला, त्याआधी १९५४ च्या सुमारापासून नेक प्लेटवर होता. पुढचं अक्षर दशक सांगतं: एस म्हणजे सत्तरचं, ई म्हणजे ऐंशीचं, एन म्हणजे नव्वदचं, झेड म्हणजे दोन हजारचं, आणि त्याच्या पुढचा आकडा वर्ष. एन७ म्हणजे १९९७, झेड५ म्हणजे २००५. २०१० पासून अमेरिकन फेंडरवर यूएस आणि पुढे दोन आकडी वर्ष येतं. मेक्सिकोच्या गिटारवर एमएन, एमझेड आणि नंतर एमएक्स. ऐंशी-नव्वदच्या नंबरात वर्ष एखाददोन वर्षांनी इकडेतिकडे होतं कारण नंबराचे स्टिकर आधी छापून ठेवलेले असायचे, त्यावरून विकणाऱ्याशी भांडू नका. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, फेंडरची नेक चार स्क्रू काढले की निघते. म्हणजे हेडस्टॉकवरचा नंबर हा फक्त नेकचा पुरावा आहे, बॉडी कुणाचीही असू शकते. नंबर छापलेल्या नेक प्लेट तर सुट्या पण विकत मिळतात.

स्क्वायर ही फेंडरचीच स्वस्त ओळ, आणि इथे आपल्याकडचा सगळ्यात कॉमन उद्योग म्हणजे स्क्वायरचं नाव घासून वर फेंडरचा लोगो चिकटवणं. नंबर आयसीएसने सुरू होत असेल तर इंडोनेशियाची स्क्वायर, सीजीएस असेल तर चीनची स्क्वायर, शेवटचा एस स्क्वायरचाच. समोर फेंडर आणि मागे आयसीएस, तर विषय संपला. पण उलट बाजू पण सांगतो, फेंडरने स्वतः पण काही गिटारी चीन आणि इंडोनेशियात बनवल्यात, खासकरून अकॉस्टिक, तेव्हा "मेड इन चायना" वाचलं की लगेच डुप्लिकेट असं धरू नका. नंबर, देश आणि मॉडेल तिघं जुळतात का बघा.

एपिफोनचं २००८ नंतर सोपं आहे: पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, पुढचे दोन कारखाना. १८०६१५ असं सुरू होत असेल तर जून २०१८, आणि १५ म्हणजे चीनमधला छिंगदाओचा कारखाना. २३ असेल तर इंडोनेशिया. मागच्या स्टिकरवर देश लिहिलेला असतो, तो याच्याशी जुळला पाहिजे.

मार्टिनचा नंबर नेक ब्लॉकवर आत दाबलेला. १८९८ साली त्यांनी ८००० पासून मोजायला सुरुवात केली आणि सरळ एकामागून एक मोजत आलेत, २००४ मध्ये दहा लाखाचा आकडा गाठला. १९३० च्या शेवटापासून नंबराच्या वर मॉडेलचं नाव पण असतं, डी-२८ वगैरे. म्हणजे सात आकडी नंबर असलेली मार्टिन कुणी "नाइन्टीजची" म्हणून विकत असेल तर ती नाइन्टीजची नाही, एवढं तुम्हीच सांगू शकता. नेक ब्लॉकवर काहीच नाही आणि फक्त पाठीवर कागदाचं झकपक लेबल आहे, तर फार सावध व्हा.

टेलरचा नंबर साउंडहोलमधून आत दिसतो. २००९ च्या शेवटापासून तो दहा आकडी आहे. पहिला आकडा कारखाना, १ असेल तर अमेरिकेतला एल कहोन, २ असेल तर मेक्सिकोतला तेकाते. दुसरा आणि सातवा मिळून वर्ष, तिसरा-चौथा महिना, पाचवा-सहावा तारीख. २१०८१४७०५२ म्हणजे तेकाते, १४ ऑगस्ट २०१७, त्या दिवशीची बावन्नावी. टेलरची बेबी आणि स्वस्त मॉडेलं मेक्सिकोची असतात, महागडी ८०० सिरीज अमेरिकेची, तेव्हा ८१४ लिहिलेल्या गिटारचा नंबर २ ने सुरू झाला तर प्रश्न विचारा.

आयबानेझच्या बऱ्याच इंडोनेशियन गिटारींवर आय अक्षर, मग दोन आकडे वर्ष, दोन आकडे महिना. टाकामिनेच्या जपानी गिटारींना नेक ब्लॉकवर आठ आकडे, पहिले दोन वर्ष, पुढचे दोन महिना. यामाहाचं जरा किचकट आहे, अक्षरांत वर्ष आणि महिना लपवलेला असतो, कारखान्यागणिक पद्धत बदलते आणि तीच अक्षरं काही वर्षांनी परत येतात, म्हणून यामाहाच्या बाबतीत नंबराच्या कोड्यात फार डोकं घालू नका, त्यासाठी खाली वेगळं लिहिलंय.

फेंडर आणि मार्टिनच्या स्वतःच्या साइटवर नंबर टाकून बघायची सोय आहे, ती जरूर वापरा. त्याशिवाय नंबर नुसता सर्चमध्ये टाका. तोच नंबर दुसऱ्याच रंगाच्या, दुसऱ्याच देशातल्या गिटारवर दिसला तर तुमचं काम तिथेच झालं. चोरी झालेल्या गिटारींचे नंबर पण लोक नेटवर टाकून ठेवतात.

पायरी ३: नंबर आणि गिटार जुळवा

ही खरी पायरी. पेडण्याच्या एका पोराला हरमलला एक काळी लेस पॉल कस्टम (गिब्सनचं मॉडेल) मिळत होती, तीस हजारात, आणि पैसे द्यायच्या आधी त्याने ती दाखवायला आणली, हे त्याने फार बरं केलं. नंबर वर सांगितलेल्या पद्धतीने बरोबर १९९३ चा निघत होता. दाबलेला पण होता, "मेड इन यूएसए" पण होतं. पोराचं तोंड खुललं होतं. मग आम्ही ती टेबलावर फडकं घालून आडवी ठेवली.

पहिलं, हेडस्टॉकच्या तोंडाशी ट्रस रॉडचं (नेकच्या आतली लोखंडी सळई) झाकण असतं, घंटेच्या आकाराचं प्लास्टिक. खऱ्या गिब्सनला त्याला दोन स्क्रू असतात, एक वर एक खाली. याला तीन होते. झाकण काढलं, आत खऱ्या गिब्सनमध्ये पितळेचा षटकोनी नट दिसतो ज्याला बाहेरून पाना लागतो, इथे अ‍ॅलन की घालायचं भोक. दुसरं, ब्रिजचे दोन्ही खांब जाडजूड, वर मोठ्या स्क्रूड्रायव्हरची खाच, खऱ्याचे खांब बारीक असतात. तिसरं, फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं. १९९३ च्या गिब्सनमध्ये फ्रेट बाइंडिंगच्या (नेकच्या कडेची प्लास्टिकची पट्टी) आत संपतो आणि त्याच्या टोकाला बाइंडिंगचाच छोटा उंचवटा असतो, बोट फिरवलं की कळतं. इथे फ्रेट बाइंडिंगच्या वरून पलीकडे गेले होते. गिब्सनने स्वतः हे उंचवटे नंतर २०१४ च्या आसपास बहुतेक मॉडेलांवर बंद केले, म्हणजे नवीन लेस पॉलवर ते नसले तर चालतं, पण १९९३ म्हणणाऱ्या गिटारवर नसले तर चालत नाही. आणि चौथं, कस्टमचा फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली फळी) आबनूसचा, म्हणजे एबनीचा असतो, इथे फडक्याने जोरात पुसल्यावर फडकं काळं झालं आणि खाली तपकिरी लाकूड डोकावायला लागलं. नंबराने खोटं काही सांगितलं नव्हतं, तो फक्त दुसऱ्या गिटारचा होता.

पोराने गिटार परत केली. तीस हजारात त्याला नवी कोरी एपिफोन मिळाली असती, बिलासकट. मला याचंच वाईट वाटतं, पैसे जातात ते जातात, वर गिटार सुरात राहत नाही आणि पोरगं समजतं आपल्यालाच वाजवायला जमत नाही.

आणि हा प्रकार फक्त किनाऱ्यावरचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कस्टम्सने जाहीर केलं की लॉस एंजेलिसच्या बंदरावर आशियातून आलेल्या ३,००० च्या वर डुप्लिकेट गिब्सन पकडल्या, खऱ्या असत्या तर किंमत १.८ कोटी डॉलरच्या वर गेली असती. तिथे जर एवढा माल घुसायला बघतोय तर आपल्याकडे काय येत असेल.

मेजरटेप कशाला ते आता सांगतो. नटपासून (तारा जिथून सुटतात ती हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा. फेंडर स्ट्रॅट असेल तर ३२४ मिलिमीटर, लेस पॉल असेल तर ३१२ ते ३१४, यामाहा एफ३१० असेल तर ३१७. दोन-चार मिलिमीटरचा फरक पडला तर मोठा फरक समजा, कारण या मापावरच फ्रेट कापलेले असतात. माप बरोबर आलं म्हणून खरी ठरत नाही हं, चुकलं तर मात्र नक्की गडबड.

फेंडर-स्क्वायरमध्ये संशय असेल तर बॉडीची जाडी बघा, स्वस्त स्क्वायरची बॉडी पातळ असते. मालक तयार असेल तर पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची प्लेट) उघडून बटणांखालचे पॉट (आवाज कमी-जास्त करणारे गोल भाग) बघा. अमेरिकन गिटारमध्ये मोठे, रुपयाच्या नाण्याएवढे पॉट असतात, स्वस्त मालात बारकुसे. जुन्या अमेरिकन पॉटवर नंबर पण असतो: १३७ ने सुरू झाला तर सीटीएस कंपनीचा, पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा. १३७७६३३ म्हणजे १९७६ चा तेहतिसावा आठवडा. गिटार १९७२ ची म्हणतायत आणि पॉट १९७६ चे, तर निदान पॉट तरी बदललेत.

यामाहा एफ३१०, कारण निम्म्या लोकांना तीच घ्यायचीय

क्लासच्या सरांनी "एफ३१० घ्या" म्हटलेलं असतं, आणि दहा हजाराच्या आसपासच्या गिटारची कोण नक्कल करणार असं वाटतं, पण हीच सगळ्यात जास्त फसवणारी आहे. महाग गिटार माणूस दहा वेळा तपासतो, स्वस्त गिटार तपासत नाही. नवीनच घ्यायची असेल तर अधिकृत डीलरकडून घ्या, बिलावर मॉडेल आणि नंबर लिहून घ्या, खोक्यावर नंबराचा स्टिकर असेल तर तो गिटारशी जुळवा. जुनी घेत असाल तर साउंडहोलमधलं लेबल बघा, त्यावर मॉडेल आणि देश स्वच्छ छापलेला असतो. डुप्लिकेटचं लेबल फोटोकॉपीसारखं पुसट, तिरकं लावलेलं, स्पेलिंग पण कधी चुकलेलं. हेडस्टॉकवरचा लोगो जवळून बघा, खऱ्याच्या कडा धारदार असतात. आत टॉर्च मारून ब्रेसिंग बघा, म्हणजे आतल्या आधाराच्या पट्ट्या, गोंदाचे ओघळ आणि लाकडाचा भुसा तसाच असेल तर यामाहाच्या कारखान्यातून तसा माल बाहेर पडत नाही.

एक गोष्ट वेगळी ठेवा. कलकत्त्यात बनणाऱ्या गिव्हसनसारख्या गिटारी आपल्याकडे घरोघरी आहेत, त्या डुप्लिकेट नाहीत, ते त्या कंपनीचं स्वतःचं नाव आहे. हेडस्टॉकवरचं नाव नीट वाचा, अक्षर न् अक्षर, आणि त्या नावाची किंमत द्या. जुन्या देशी गिटारींवर कधी नंबरच नसतो, त्यात काही वावगं नाही.

गोव्याची हवा मध्ये येते ती अशी

नेटवर वाचाल की लेबल नाही म्हणजे डुप्लिकेट. आपल्याकडे तो नियम चालत नाही. मृग लागला की चार महिने घरात ओल, कपाटात ठेवलेल्या गिटारच्या पोटात बुरशी, लेबलाचा गोंद सुटतो, कागद काळा पडतो, कधी वाळवीच खाऊन टाकते. लेबल गेलेलं असेल तर त्याची जागा बघा, कागदाच्या मापाचा फिकट चौकोन लाकडावर राहिलेला असतो. आणि नेक ब्लॉकवरचा दाबलेला नंबर ओलीने पुसला जात नाही.

उलट हीच हवा तुमच्या मदतीला पण येते. समुद्राजवळ वीस वर्षं राहिलेल्या गिटारच्या स्क्रूंना गंज येणार, चाव्यांची चमक जाणार, ब्रिजवर खारट हवेची हिरवट झाक दिसणार. मालक सांगतोय "कळंगुटच्या घरात २००१ पासून आहे" आणि स्क्रू आरशासारखे चकाकतायत, तर एकतर स्क्रू नवीन आहेत किंवा गोष्ट नवीन आहे. सगळा म्हातारपणा सारखा दिसला पाहिजे. फक्त बॉडीवरच रंग घासून जुनेपणा आणलाय आणि फ्रेट मात्र कोरे, असं पण बघितलंय.

नंबर नसणारच अशा गिटारी

सासष्टीतल्या जुन्या घरांमध्ये कधी कधी पोर्तुगीज गितार निघते, नासपतीसारखी गोल बॉडी, बारा तारा सहा जोड्यांत, आणि वर पंख्यासारख्या पसरलेल्या चाव्या. तिला सिरीयल नंबर शोधत बसू नका, असलंच तर आत बनवणाऱ्याच्या कारखान्याचं लेबल असेल, लिस्बन किंवा कोइंब्राकडचं. स्पॅनिश क्लासिकल हाताने बनवलेल्या गिटारींचं पण तसंच, कागदावर कारागिराची सही आणि साल. अशी वस्तू हाती लागली तर पॉलिश मारू नका, लेबल ओरबाडू नका, आधी दाखवून घ्या.

पायरी ४: विकणारा आणि पैसे

फोटोंत नंबराचे शेवटचे दोन-तीन आकडे झाकलेले असले तर त्यात गैर काही नाही, नंबर चोरीला जाऊ नये म्हणून शहाणे लोक तसं करतात. पण बघायच्या आधी पूर्ण नंबर तुम्हाला खाजगीत मिळाला पाहिजे. "गिटार घेतल्यावर नंबर देतो" म्हणणाऱ्याला रामराम करा. परदेशी माणूस विकत असेल तर त्याच गिटारसोबतचा त्याचा जुना फोटो किंवा मूळ बिल मागा, जे खरंच वाजवतात त्यांच्या फोनमध्ये असे फोटो भरपूर असतात.

किंमतीबद्दल एवढंच: अमेरिकन लेस पॉल स्टँडर्ड नवीन दोन लाखांच्या पुढेच जाते. ती पंचवीस-तीस हजारात कुणी देत असेल तर "त्याला माहीत नसेल" असा विचार करू नका. आजकाल प्रत्येकाच्या हातात फोन आहे, सगळ्यांना माहीत असतं.

अ‍ॅडव्हान्स देऊ नका. "आर्मीत आहे, बदली झाली, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा" हा प्रकार गिटारींच्या जाहिरातीत पण आलाय. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा, जितका लवकर तितकं बरं.

व्यवहार झाला की साध्या कागदावर का होईना लिहून घ्या: मेक, मॉडेल, पूर्ण सिरीयल नंबर, किंमत, तारीख, दोघांची नावं आणि सह्या, आणि "ओरिजिनल म्हणून विकली" हे तीन शब्द. हे शब्द लिहायला जो कचरतो त्याने उत्तर दिलेलंच आहे.

फसलात तर

दुकानातून घेतली असेल आणि बिल असेल तर आधी दुकानदाराला लेखी कळवा, नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे उत्तर किंवा दक्षिण गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग. खाजगी माणसाकडून घेतली असेल तर ग्राहक आयोग नाही, तिथे पोलिसांत फसवणुकीची तक्रार, आणि तिथेच तो सहीचा कागद कामाला येतो. खोटा ट्रेडमार्क लावणं आणि तसा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात, कलम १०३ आणि १०४ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड.

म्हणून स्वतः फसलात तरी तीच गिटार पुढच्याला "गिब्सन" म्हणून टोपी घालायला जाऊ नका. विकायचीच असेल तर लोगो काढा, जाहिरातीत स्पष्ट लिहा की कॉपी आहे, आणि त्या किंमतीला विका. वाजवायला बरी असेल तर कुणीतरी घेईलही.

घरी आणल्यावर

चांगली गिटार मिळाली असेल तर त्याच दिवशी नंबराचा, लेबलाचा, पुढून-मागून पूर्ण गिटारचा आणि एखाद्या ओरखड्याचा जवळून फोटो काढून मेलमध्ये स्वतःलाच पाठवून ठेवा. ओरखडा महत्त्वाचा, कारण चोर नंबर घासू शकतो, पण लाकडाच्या रेषा आणि जुने ओरखडे त्याला बदलता येत नाहीत. लेबलवर पारदर्शक टेप वगैरे चिकटवू नका, पावसाळ्यात टेपसकट लेबल निघतं. जून ते सप्टेंबर गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, भिंतीला टेकवून नको, आणि चवथीला घर रंगवायला काढाल तेव्हा केस एकदा उघडून आत बुरशी आलीय का ते बघा.